दंतधावन : एका नित्यकर्माचा इतिहास

राज्यें कशीं बुडालीं, लढाया कोणीं जिंकल्या, मोठमोठीं देवालयें कोणीं बांधलीं, हें सर्व आपण इतिहासांत वाचतों. परंतु सकाळीं डोळे उघडल्यावर आपण जें पहिलें काम करतों त्यालाही इतिहास आहे, ही गोष्ट सहसा कोणाच्या लक्षांत येत नाहीं. तोंड धुणें आणि दांत घासणें हें काम इतकें अंगवळणीं पडलेलें आहे कीं, तें कोणीं शिकविलें, कां शिकविलें, आणि जें शिकविलें तेंच आपण करीत आहोंत कीं काय, असा प्रश्न मनांत उठतच नाहीं. आज तोच प्रश्न मी आपल्यापुढें मांडणार आहें.

त्याला कारण माझ्या घरांतलेंच आहे. माझी आजी मोठी टापटिपीची बाई. पहांटे उठून चूल पेटविली कीं ती तव्यावर तंबाखूचीं पानें काळीं होईपर्यंत भाजी, तीं चुरून त्यांची मशेरी करी, आणि परसांत विहिरीच्या कांठीं बसून कितीतरी वेळ दांतांवर बोट फिरवीत राही. दुपारीं जेवण झाल्यावर पुन्हां, आणि रात्रीं निजण्यापूर्वीं पुन्हां. दांत घासल्यावांचून तिच्या तोंडांत पाण्याचा थेंब जात नसे. असें असूनही पन्नाशीच्या आंतच तिचे बहुतेक दांत गेले. हिरड्या सुजत, त्यांतून रक्त येई, दांत हालूं लागे, आणि एके दिवशीं तो हातांत येई. 'दांत आहेत तर चणे नाहींत, चणे आहेत तर दांत नाहींत,' असें म्हणून ती हांसे आणि सुपारी खलबत्त्यांत कुटून घेई. मला मात्र लहानपणापासून एक कोडें पडलेलें होतें. जिनें जन्मभर दिवसांतून तीन वेळां दांत घासले, तिचेच दांत कां जावे? ह्या कोड्याचें उत्तर शोधतां शोधतां मी दंतधावनाच्या इतिहासाकडे वळलों.

आपल्याकडील जुन्या वैद्यकापासून आरंभ करूं. चरकसंहिता, सुश्रुतसंहिता आणि वाग्भटाचें अष्टांगहृदय ह्या तिन्ही ग्रंथांत दंतधावनाचा विधि सांगितलेला आहे. दांत घासण्याची काडी बारा अंगुळें लांब, करंगळीच्या टोंकाइतकी जाड, सरळ आणि बिनगांठीची असावी. तिचें टोंक चावून मऊ करावें. तिचा रस तुरट, तिखट अथवा कडू असावा. खैर, करंज, वड, रुई, कडुनिंब अशा झाडांचीं नांवें तेथें येतात. सुश्रुत काडीबरोबर चूर्णही सांगतो. त्यांत मध, त्रिकटु, सैंधव आणि तेल हीं द्रव्यें आहेत. जीभ खरवडण्यासाठीं सोन्या-रुप्याच्या, तांब्याच्या पट्टीचाही उल्लेख आहे.

हा सर्व तपशील मनोरंजक आहे. परंतु त्याहून महत्त्वाच्या तीन गोष्टी ह्या विधींत आहेत, आणि त्या आपण लक्षांत ठेवाव्या अशी माझी विनंति आहे. पहिली गोष्ट, सुश्रुत म्हणतो कीं मऊ कुंच्यानें एकेक दांत निरनिराळा घासावा. सगळ्या तोंडावरून एकदां हात फिरवून मोकळें होण्याची सोय त्यानें ठेविलेली नाहीं. दुसरी गोष्ट, तिन्ही ग्रंथकार एका सुरांत बजावतात कीं दांतांच्या मुळाशीं असलेल्या मांसाला, म्हणजे हिरड्यांना, इजा होतां कामा नये. तिसरी गोष्ट वेळेची. चरक दंतधावनाच्या दोन वेळा सांगतो. वाग्भट त्या अधिक स्पष्ट करतो. एक सकाळीं, आणि दुसरी जेवण झाल्यावर.

हिरड्यांविषयींची ही काळजी उगीच नव्हती. सुश्रुतानें मुखाचे एकंदर ६५ रोग मोजले आहेत. त्यांत दांतांचे रोग ८ आणि दांतांच्या मुळांचे, म्हणजे हिरड्यांचे, १५ आहेत. हिरड्या मऊ पडून त्यांतून अकस्मात् रक्त येणें, त्या काळवंडून कुजणें, ह्या रोगाला तो 'शीताद' म्हणतो. पू आणि रक्त येऊन दांत हालूं लागणें ह्याला 'दंतवेष्ट' असें नांव देतो. दांतांवर जें खडबडीत कीटण सांचतें त्याला त्यानें 'दंतशर्करा' म्हटलें आहे, आणि हिरड्यांना न दुखवितां वैद्यानें तें खरवडून काढावें असें सांगितलें आहे. आजचा दंतवैद्य आपणांस खुर्चीवर बसवून जें काम करतो, तें तत्त्वतः हेंच आहे. शर्करा ह्या शब्दाचा मूळ अर्थ वाळूचा खडा. तोच शब्द पुढें साखरेच्या खड्यालाही लागला. ह्या शब्दाकडे आपणांस पुन्हां यावयाचें आहे.

वैद्यांनीं सांगितलेली ही गोष्ट घराघरांत रुजविली ती मात्र धर्मशास्त्रानें. महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांनीं धर्मशास्त्राच्या आपल्या इतिहासांत आह्निकाच्या प्रकरणांत दंतधावनाचा विचार केला आहे. पहांटे उठावें, शौच आटोपावें, मौन धरून पूर्वेस किंवा उत्तरेस तोंड करून दांत घासावे आणि मग स्नानास जावें असा क्रम. काडी घेतांना वनस्पतीजवळ आयुष्य, बल, यश, तेज मागावयाचें. प्रतिपदा, षष्ठी, नवमी, अमावास्या अशा तिथींना, श्राद्धाच्या दिवशीं व उपवासाच्या दिवशीं काडी वर्ज्य. त्या दिवशीं पाण्याच्या बारा चुळा भरून शुद्धि मानावयाची.

धर्मानें ह्या कामाला नित्यपणा दिला, हा त्याचा मोठा उपकार. राजापासून रंकापर्यंत मनुष्य सकाळीं दांत घासल्यावांचून अन्नाला शिवत नाहीं, ही शिस्त जगाच्या फार थोड्या भागांत इतक्या जुन्या काळापासून आढळते. परंतु ह्या उपकाराबरोबर एक हानिही झाली. वैद्याच्या दृष्टीनें दंतधावन हें रोग टाळण्याचें साधन होतें. आह्निकांत तें स्नानसंध्येपूर्वींच्या शुद्धीचें अंग झालें. शुद्धि एकदां झाली कीं झाली. त्यामुळें सकाळची वेळ पक्की बसली आणि वाग्भटाची जेवणानंतरची वेळ पोथींतच राहिली. जेवणानंतर चूळ भरण्याची चाल आपण पाळली. काडी मात्र दुसऱ्या दिवसाच्या सकाळपर्यंत हातीं धरली नाहीं.

ही काडी हिंदुस्थानांतच राहिली असें नाहीं. बौद्ध भिक्षूंच्या आचारांत दंतकाष्ठाला स्थान होतें, आणि भिक्षूंबरोबर तें पूर्वेकडे गेलें. इ. स. ६७१ मध्यें चीनहून निघालेला इत्सिंग हा भिक्षु नालंदेस सुमारें दहा वर्षें राहिला आणि ६९५ सालीं मायदेशीं परतला. भारतांतील भिक्षूंच्या आचारांविषयीं त्यानें जो ग्रंथ लिहिला त्यांत एक संपूर्ण प्रकरण दंतकाष्ठावर आहे. काडी किती लांब असावी, ती कशी चावावी, मग चिरून तिनें जीभ कशी साफ करावी, हें सर्व तो बारकाईनें लिहितो. हिंदुस्थानांत दाढदुखी क्वचितच आढळते आणि तें ह्या काडीचें फळ आहे, असा त्याचा अभिप्राय आहे. ही काडी विलो झाडाचीच असते अशी आपल्या देशबांधवांची समजूत झालेली पाहून तो त्यांना दुरुस्तही करतो.

ह्यानंतर साडेपांचशें वर्षांनीं, १२२३ सालीं, डोगेन नांवाचा जपानी भिक्षु चीनमध्यें आला. त्यानें मठामठांतून हिंडून पाहिलें, तों दंतकाष्ठ ही वस्तु तेथें कोणाला ठाऊकही राहिलेली नव्हती. भिक्षूंच्या तोंडाला इतकी दुर्गंधि येई कीं दोन हातांवरून बोलणें कठीण, असें त्यानें खेदानें लिहून ठेविलें आहे. जे थोडे लोक दांत घाशीत ते शिंगाच्या तुकड्यांत घोड्याच्या शेपटीचे केस बसवून केलेल्या कुंचल्यानें घाशीत. डोगेनला तो प्रकार अमंगळ वाटला. ज्याला त्यानें नांवें ठेविलीं, तें केस बसविलेल्या टूथब्रशाचें एक अत्यंत जुनें वर्णन होय! जुनी चांगली चाल लोपलेली पाहून हळहळणाऱ्या माणसाला समोर जन्मास आलेली नवी वस्तु ओळखूं येत नाहीं, असें इतिहासांत पुष्कळदां घडतें.

आतां, दांत कां किडतात ह्याविषयीं लोकांची कल्पना काय होती तें पाहूं. कारण घासण्याचा हेतु त्या कल्पनेवरच अवलंबून असतो. बाबिलोनच्या मातीच्या विटांवर कोरलेल्या एका मंत्रांत अशी कथा आहे. देवानें आकाश केलें, आकाशानें पृथ्वी, पृथ्वीनें नद्या, नद्यांनीं कालवे, कालव्यांनीं दलदल, आणि दलदलीनें किडा उत्पन्न केला. किडा देवांपुढें रडत गेला आणि खायला मागूं लागला. देवांनीं त्याला पिकलेलें अंजीर देऊं केलें. तें त्याला नको होतें. मला दांत आणि हिरडी ह्यांच्यामध्यें राहूं द्या, असें त्यानें मागितलें. दाढ दुखूं लागली कीं हा मंत्र म्हणावयाचा. आपल्याकडेही किडलेल्या दांताला 'कृमिदंतक' असेंच नांव आहे, आणि 'दांताला कीड लागली' असें आपण आजही म्हणतों. भुईरिंगणीच्या बियांची धुरी देऊन दाढेंतले किडे पाडून दाखविणारे लोक आपल्याकडे गांवोगांव असत. युरोपांतही दुसऱ्या एका वनस्पतीच्या बियांच्या धुरानें हाच खेळ चाले. पाण्यांत जे पांढरे किडे पडलेले दिसत ते प्रायः बियांचेच अंकुर असत. रोग्याला मात्र डोळ्यांनीं किडा पाहिल्याचें समाधान मिळे.

ज्या काळीं काडी पूर्वेकडे गेली त्याच सुमारास आपली दुसरी एक वस्तु पश्चिमेकडे जाण्यास निघाली होती. ती म्हणजे साखर. शिकंदराचा नौकाधिपति निआर्कस यानें हिंदुस्थानांत मधमाश्यांवांचून मध देणारे वेत असतात असें लिहून ठेविलें. तो अर्थात् ऊंस. उसाच्या रसाचे खडे करण्याची विद्या प्रथम ह्याच देशांत सिद्ध झाली. आपला 'शर्करा' हाच शब्द फारशींत 'शकर', अरबींत 'सुक्कर' आणि इंग्रजींत 'शुगर' झाला. प्रारंभीं युरोपांत साखर औषधाच्या पुडींत मिळे. पुढें ती श्रीमंतांच्या ताटांत आली. १५९८ सालीं पाउल हेंट्झनर नांवाचा जर्मन प्रवासी इंग्लंडांत गेला, तेव्हां त्यानें एलिझाबेथ राणीचे दांत काळे पडलेले पाहिले, आणि हा दोष इंग्रज लोकांच्या अति साखर खाण्यानें येतो असें लिहिलें. काळे दांत हें त्या वेळीं ऐश्वर्याचें लक्षण होतें. गरिबाला तो रोग परवडण्यासारखा नव्हता.

मग वेस्ट इंडीज बेटांत आफ्रिकेंतून पकडून नेलेल्या गुलामांच्या रक्तावर उसाचे मळे उभे राहिले, आणि साखर स्वस्त होत गेली. १८७४ सालीं इंग्लंडानें साखरेवरील जकात सर्वस्वीं उठविली. आतां मजुराच्या मुलालाही पावाबरोबर मुरंबा मिळूं लागला, आणि राजवाड्यांतला रोग झोंपडींत शिरला. १८९९ ते १९०२ ह्या बोअर युद्धांत ब्रिटिश सैन्यांतले अनेक शिपाई केवळ दांतांच्या दुखण्यामुळें निकामी झाले. कडक बिस्किट ज्याला चावतां येत नाहीं तो लढणार कसा? दांत हा राष्ट्राच्या चिंतेचा विषय होऊं शकतो हें त्या वेळीं राज्यकर्त्यांना उमगलें.

साखरेकडे शास्त्रीय दृष्टीनें बोट दाखविण्याचें धैर्य पूर्वींच एकानें केलें होतें. पिएर फोशार ह्या फ्रेंच वैद्यानें १७२८ सालीं दंतवैद्यकावर दोन भागांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. दांतांत किडा असतो ही समजूत त्यानें सोडून दिली आणि गोड पदार्थांना दोषी ठरविलें. परंतु साखरेनें दांत कसा झिजतो हें त्याला सांगतां आलें नाहीं. त्या प्रश्नाचा धागा एका कापडाच्या व्यापाऱ्यानें आधींच हातीं धरलेला होता.

हा व्यापारी म्हणजे हॉलंडांतील डेल्फ्ट गांवचा अँटनी लीवेनहूक. स्वतः घासून केलेल्या कांचेच्या भिंगांतून वाटेल ती वस्तु पाहण्याचा त्याला छंद होता. १६८३ च्या सप्टेंबरांत त्यानें लंडनच्या रॉयल सोसायटीला एक पत्र लिहिलें. आपण रोज सकाळीं मिठानें दांत घासतों, फडक्यानें पुसतों, तरी दाढांच्या फटींत कणकेसारखा पांढरा पदार्थ सांचतो, असें सांगून त्यानें तो पदार्थ भिंगाखालीं ठेविला. पाहतो तों त्यांत असंख्य सूक्ष्म जीव वळवळत आहेत! ज्यानें जन्मांत दांत घासले नव्हते अशा एका म्हाताऱ्याच्या तोंडांतील मळही त्यानें पाहिला. तेथें तर जीवांची यात्राच भरलेली होती. आपल्या सबंध देशांत जितकीं माणसें नाहींत तितके जीव माझ्या एकट्याच्या तोंडांत आहेत, असा त्यानें हिशेब मांडला.

त्याच पत्रांत एक निरीक्षण आहे, आणि आपल्या कोड्याच्या दृष्टीनें तें फार मोलाचें आहे. त्यानें तोंडांत शिरका घेऊन चुळा भरल्या. ह्या मळांत शिरका बाहेर मिसळला म्हणजे जीव मरतात हें त्यानें पाहिलें होतें; पण तोंडांतले जीव कांहीं सगळे मेले नाहींत. त्यावरून त्यानें अनुमान केलें कीं शिरका फक्त वरच्या थरांतल्या जीवांना मारतो, थराच्या आंत तो पोंचत नाहीं. आज आपण ह्या थराला प्लाक म्हणतों. हे जंतु सुटे सुटे नसतात; चिकट द्रव्याचा बिछाना करून ते दांताला बिलगून बसतात, आणि म्हणूनच चुळीनें, लवंगेनें किंवा सुगंधी औषधानें ते हटत नाहींत. त्यांना घासूनच काढावें लागतें. उपवासाच्या दिवशींच्या बारा चुळा काडीचें काम कां करूं शकत नाहींत, ह्याचें उत्तर डेल्फ्टच्या त्या व्यापाऱ्यानें देऊन ठेविलें होतें.

तरीही दोनशें वर्षें ह्या जीवांचा आणि दांतांच्या रोगाचा संबंध कोणीं जोडला नाहीं. तो जोडला विलबी मिलर ह्या अमेरिकन शास्त्रज्ञानें. बर्लिनमध्यें रॉबर्ट कोखच्या प्रयोगशाळेंत तो जंतुविद्या शिकला होता. उपटलेले दांत त्यानें लाळेंत भिजत ठेविले. कांहींत पाव घातला, कांहींत मांस. पावाच्या भांड्यांतले दांत मऊ पडले, मांसाच्या भांड्यांतले तसेच राहिले. १८९० सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत त्यानें सिद्धांत मांडला. तोंडांतले जंतु साखर व पिष्ट खाऊन आम्ल तयार करतात आणि त्या आम्लानें दांताचें कवच विरघळतें. बाबिलोनचा किडा एका अर्थी खरा ठरला. मात्र तो दांत खात नाहीं. तो आपण खाल्लेली साखर खातो, आणि त्यानें सोडलेल्या आम्लानें आपला दांत जातो.

पुढील शोधांनीं ह्या सिद्धांतांत एक भर घातली. गोड पदार्थ तोंडांत गेल्यावर थोड्याच मिनिटांत दांतावरचा थर आम्ल होतो, आणि लाळ तें आम्ल मारून पूर्वस्थितीवर येण्यास अर्धा तास, कधीं त्याहून अधिक वेळ लागतो. म्हणजे गोड किती खाल्लें ह्याहून तें किती वेळां खाल्लें हें महत्त्वाचें. स्वीडनमध्यें लुंड गांवाजवळील व्हिपेहोल्म येथील संस्थेंत १९४५ ते १९५५ ह्या काळांत जे प्रयोग झाले त्यांत हें निर्विवाद ठरलें. जेवणाबरोबर साखर खाणाऱ्यांचे दांत फारसे बिघडले नाहींत. जेवणांच्या मधल्या वेळांत दांताला चिकटणारी टॉफी खाणाऱ्यांचे दांत झपाट्यानें किडले. परंतु हें ज्ञान कोणाच्या दांतांवर मिळविलें? त्या संस्थेंत ठेवलेल्या मतिमंद माणसांच्या. त्यांना प्रयोग म्हणजे काय हें ठाऊक नव्हतें आणि नकार देण्याची शक्तिही नव्हती. स्वीडनमध्यें मुलांना शनिवारींच गोड खाऊ द्यावा अशी जी चाल पडली तिच्या मुळाशीं हे प्रयोग आहेत. हें ज्ञान आज आपण वापरतों. त्या माणसांचे ऋण मात्र विसरतां कामा नये.

दांतांची कथा अशी उलगडली. हिरड्यांची कथा उलगडण्यास १९६५ साल उजाडावें लागलें. डेन्मार्कमधील आर्हुस येथें हाराल्ड लो ह्या प्राध्यापकानें अगदीं साधा प्रयोग केला. निरोगी हिरड्यांच्या बारा माणसांना त्यानें दांत घासणें बंद करावयास सांगितलें. त्यांत बहुतेक त्याचेच विद्यार्थी होते. दहा ते एकवीस दिवसांच्या आंत सर्वांच्या हिरड्या लाल होऊन सुजल्या. पुन्हां घासावयास लावल्यावर सुमारें आठवड्याभरांत त्या पूर्ववत् झाल्या. हिरड्यांचा रोग हा वार्धक्याचा किंवा दैवाचा भोग नाहीं, तो दांत आणि हिरडी ह्यांच्या सांध्यावर सांचणाऱ्या थराचा परिणाम आहे, हें त्या दिवसापासून निश्चित झालें. किडा दांत आणि हिरडी ह्यांच्यामध्यें राहण्यास जागा मागतो असें त्या बाबिलोनी मंत्रांत आहे. जागा त्यानें नेमकी मागितली होती! तो थर वेळेवर काढला नाहीं तर लाळेंतल्या क्षारांनीं कठीण होऊन कीटण बनतो. तेंच सुश्रुताची दंतशर्करा. तें एकदां बसलें म्हणजे घरच्या उपायानें निघत नाहीं. त्याच्या आडोशानें हिरडी दांतापासून सुटत जाते, आंतलें हाड झिजतें, आणि कीड नसलेला, दिसण्यांत धडधाकट असा दांत हालून पडतो.

साधनांचा इतिहास थोडक्यांत सांगतों. विल्यम ॲडिस ह्यानें इंग्लंडांत १७८० च्या सुमारास हाडाच्या मुठीचे ब्रश करून विकण्यास प्रारंभ केला. पुढें दीडशें वर्षें ब्रशाला बहुधा डुकराचे राठ केस असत. आपल्या सोंवळ्या घरांत त्याला प्रवेश मिळणें कठीणच होतें. १९३८ सालीं अमेरिकेंत नायलॉनच्या तंतूंचा ब्रश निघाला आणि ती अडचण दूर झाली. दुसरें साधन फ्लोराइड. अमेरिकेंतील कोलोरॅडो स्प्रिंग्ज गांवच्या लोकांच्या दांतांवर तपकिरी डाग कां पडतात हें शोधतां शोधतां १९३१ सालीं त्याचें कारण पाण्यांतील फ्लोराइड असल्याचें ठरलें, आणि तेंच अल्प प्रमाणांत दांताचें कवच बळकट करतें हेंही दिसून आलें. आपल्या देशांत नेल्लोर जिल्ह्यांत १९३७ सालीं त्याच्या अतिरेकाचे दुष्परिणाम नोंदले गेले. विदर्भांतील यवतमाळ-चंद्रपूरकडच्या कांहीं विहिरींचें पाणीही असेंच आहे. तेव्हां टूथपेस्टमध्यें तें उपकारक असलें तरी मुलांना वाटाण्याएवढ्याहून अधिक देऊं नये, आणि गिळूं देऊं नये.

आतां आपण पुन्हां माझ्या आजीच्या विहिरीच्या कांठीं येऊं. महाराष्ट्रांतल्या घरांत काडीशिवाय आणखी कांहीं साधनें होतीं. गोंवऱ्यांच्या राखेची अगर कोळशाची राखुंडी होती, मीठ होतें, सुवासिनींचे दांत काळेभोर करणारें दांतवण होतें. राखुंडीनें दांत स्वच्छ दिसत. पण तिचे खरखरीत कण वर्षानुवर्षें कवच झिजवीत. आणि मशेरी. आजीला वाटे ही आपली अनादि कालापासूनची चाल. इतिहास सांगतो कीं तंबाखूचें झाड अमेरिकेंतलें. पोर्तुगीजांबरोबर तें सोळाव्या-सतराव्या शतकाच्या सुमारास ह्या देशांत आलें. चरकाला, सुश्रुताला, वाग्भटाला तें ठाऊक असणें शक्यच नव्हतें. परदेशाहून आलेल्या एका व्यसनानें दंतमंजनाचा वेष घेतला आणि दोन-तीनशें वर्षांत तें कुळाचार होऊन बसलें.

माझ्या कोड्याचें उत्तर हें असें आहे. आजी दांत घाशीत होती असें आम्हांला वाटे आणि तिलाही वाटे; वास्तविक ती दिवसांतून तीन वेळां हिरड्यांना तंबाखू चोळीत होती. तिचें बोट दांतांच्या दर्शनी भागावरून फिरे. दांतांच्या फटींत आणि हिरडीच्या कडेला जेथें थर सांचतो तेथें तें कधींच पोंचलें नाहीं. तंबाखूनें थोडी गुंगी येई, ठणका कमी वाटे, म्हणून ती अधिक लावी, आणि हिरडी अधिक सुटत जाई. तिचे दांतच गेले, एवढ्यावर निभावलें, हें आमचें भाग्य. मशेरीनें तोंडाचा कर्करोग झालेल्या स्त्रिया ह्याच महाराष्ट्रांत थोड्या नाहींत. भारत सरकारनें १९९२ सालीं टूथपेस्ट व टूथपावडर ह्यांत तंबाखू घालण्यास बंदी केली. पण चुलीवरच्या तव्याला कायदा कोठून लागूं होणार? तें काम घरांतल्या शिकलेल्या मुलींनीं आणि सुनांनींच करावयाचें आहे. आणि तें रागावून होणार नाहीं, कारण ज्या बाईला सोडावयास सांगावयाचें ती तें स्वच्छता म्हणूनच करीत असते.

श्रोतेहो, ह्या सबंध इतिहासांतून आपणांस घेण्यासारखें फार थोडें आहे, आणि तें सोपें आहे. रात्रीं आपण निजतों तेव्हां लाळ सुटणें जवळ जवळ थांबतें, आणि दिवसभराच्या अन्नावर जंतूंना निर्वेधपणें काम करावयास मिळतें. म्हणून जेवणानंतरची, निजण्यापूर्वींची वेळ ही सकाळपेक्षांही महत्त्वाची. वाग्भटाची ती विसरलेली वेळ आपण परत आणली पाहिजे. ब्रश मऊ असावा. कडक ब्रशानें जोर लावून घासणें म्हणजे तिन्ही ग्रंथकारांनीं निषिद्ध ठरविलेली हिरड्यांची हिंसा होय. दोन मिनिटें द्यावीं, दांत आणि हिरडी ह्यांच्या सांध्यावरून ब्रश हळूहळू फिरवावा, एकेक दांत मागून-पुढून घासावा, आणि जेथें ब्रश जात नाहीं त्या फटींतून बारीक दोरा काढावा. गोड खावें तें जेवणाबरोबर; मधल्या वेळीं मुलाच्या हातीं गोळी देऊन त्याला गप्प करूं नये. हिरडीतून रक्त आलें तर घासणें बंद करूं नये. तें दंतवैद्याकडे जाण्याचें बोलावणें समजावें. मधुमेही माणसानें तर ह्याबाबतींत दुप्पट जपावें, कारण हिरड्यांचा रोग आणि मधुमेह हे एकमेकांना बळ देतात.

आजी गेल्यावर तिची मशेरीची पितळी डबी माझ्याकडे आली. ती मीं घासून लख्ख केली आहे. तिच्यांत आतां माझी नात सुया-दोरे ठेविते. रात्रीं निजण्यापूर्वीं ती माझ्या शेजारीं उभी राहून दांत घासते, आणि मीं घाई केली तर मला पुन्हां घासावयास लावते.